मार्च एंडचा लांजेवार: चेहरा, शर्ट आणि बेल्टच्या नोंदी

काम: ५५ मिनिटांच्या एकांकिकेतल्या एका पात्राची रंगभूषा आणि वेशभूषा. मुदत ६ एप्रिल ते ९ मे. मंजूर खर्च ५,००० रुपये, हाताशी माणसं तीन. असंच पात्र उभं करायला कोणी घेणार असेल तर आमच्या चुका तरी पुन्हा करू नयेत, म्हणून हे लिहून ठेवतोय.

६ एप्रिल

संहितावाचन झालं. पात्र प्रमोद लांजेवार, वय ४२, नागपूरच्या इतवारीतल्या एका पतसंस्थेत अकाउंटंट (संस्था संहितेतलीच). राहायला मानेवाडा, जाणं-येणं स्कूटरने. प्रवेश चार: १ मार्चची सकाळ, १५ मार्चची दुपार, ३० मार्चची रात्र आणि ३१ मार्चची रात्र. ताळेबंद जुळत नाही, तेवढंच कथानक. संवादांत तो एकदाही ‘दमलो’ म्हणत नाही. म्हणजे ते सगळं दिसण्यातूनच कळायला हवं.

प्रवेशांमधले काळोख अनुक्रमे ३०, ६० आणि ४५ सेकंदांचे.

दिग्दर्शकाने मागण्यांची यादी दिली: डोळ्यांखाली काळं, गाल बसलेले, केस विरळ, दाढी वाढलेली, शर्ट मळका. यादी हातात घेऊन आधी एकच प्रश्न विचारला, एका महिन्यात यातलं काय काय खरंच होतं? केस विरळ होणार नाहीत. ताणाने केस गळतात, पण गळती दिसायला लागते दोन-तीन महिन्यांनी. गालही एवढे आत जात नाहीत, महिन्यात फार तर दोन-तीन किलो वजन उतरेल. पण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. लांजेवार केस काळे करत असेल आणि मार्चमध्ये त्याला रंग लावायला सवड मिळाली नसेल, तर ३० तारखेला भांगात एक सेंटिमीटर पांढरं दिसेल. ‘केस विरळ’ कापलं, ‘भांगात पांढरं’ लिहिलं. दिग्दर्शकाला पटलं, गाल मात्र सोडायला तयार नाही.

८ एप्रिल

सीताबर्डीतून फिक्या क्रीम रंगाचे तीन टेरिकॉट शर्ट आणले, ४२० प्रमाणे १,२६०. पॅन्टी दोन, कमर ३४ आणि ३६, ६५० प्रमाणे १,३००. वजन उतरलेलं दाखवायला नंतरच्या प्रवेशांत मोठी पॅन्ट घालायची, असा बेत.

शर्ट घेताना चूक झाली आणि ती घरी येऊन कळली. टेरिकॉट चुरगळत नाही. ओला पिळला, दोरीसारखा वळून रात्रभर ठेवला, सकाळी झटकला की पुन्हा कडक. कारकुनाच्या अंगावर टेरिकॉट खराच असतो हे बरोबर, पण इथे तो काहीच सांगत नाही.

११ एप्रिल

पहिली चेहरा-चाचणी. पिवळसर बेस (चेहराभर लावायचा मूळ थर), डोळ्यांखाली राखाडी आणि काळं एकत्र करून पूर्ण गोल, गालांत गडद तपकिरी.

चाचणीची पद्धत ठरवून टाकली आणि शेवटपर्यंत तीच ठेवली. बाराव्या रांगेच्या अंतरावरून मोबाइलवर फोटो काढायचा, नाटकाशी काही संबंध नसलेल्या पाच जणांना दाखवायचा आणि एकच प्रश्न: या माणसाला काय झालंय? आपण काहीही सुचवायचं नाही.

तालमीच्या हॉलखालचा चहावाला: “याले कावीळ झाली काय?” बाकी चौघांचंही साधारण तेच, एकाने तर टीबी म्हटलं. गाल आत नेले की माणूस आजारी दिसतो, कामाने पिचलेला दिसत नाही. दिग्दर्शकाने गाल सोडले.

राखाडीचा दोष वेगळा. सावळ्या कातडीवर राखाडी रंग राखेसारखा वर तरंगतो, आतून आल्यासारखा दिसत नाही.

१४ एप्रिल

आंबेडकर जयंती, तालीम बंद. घरी मिश्रणं करून पाहिली. जमलेलं मिश्रण: मरून लायनर (छटा आणि रेघा काढायचा रंग) दोन भाग, तपकिरी एक भाग. लावायची जागा जास्त महत्त्वाची. डोळ्याभोवती गोल काढायचाच नाही. नाकाकडच्या कोपऱ्यातून खाली तिरकी चंद्रकोर, लांबी दीड सेंटिमीटर, बुबुळाच्या मध्याखाली थांबवायची. वरची कड ठळक, खालची बोटाने पसरवलेली. फुगवटा हवा असेल तर त्या कडेच्या वर बेसपेक्षा एक छटा उजळ रंग, तांदळाच्या दाण्याएवढाच. एक डोळा दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त. दोन्ही सारखे केले की रंगवलेले वाटतात.

१६ एप्रिल

दुसरी चाचणी. नवे डोळे, शिवाय खालच्या पापणीच्या केसांखाली लाल रेघ, विस्कटलेले केस, स्टिपल स्पंजने (खरबरीत, जाळीदार स्पंज) टिपलेली दाढी.

उत्तर: “रात्रभर पेऊन आला वाटते.” पाचपैकी चार जणांचं एकमत.

दारुड्या कशाने झाला ते शोधायला एकेक गोष्ट काढत फोटो घेतले. दोषी निघाले केस. कामात बुडालेला माणूस सकाळी केस विंचरतोच, हात सवयीने चालतो. त्याचे केस विस्कटत नाहीत, चपटे होतात. हेल्मेटने वरचे केस दबतात, कानांवरचे बाहेर येतात आणि दिवसभर एकाच हाताने कपाळ धरून बसल्याने त्या बाजूचा झुपका उभा राहतो. नटाला पंधरा मिनिटं खरं हेल्मेट घालून बसवलं. विंगेत कंगव्याने करून पाहिलेलं त्याच्यापुढे खोटं वाटलं. दाढीही गडद झाली होती, दरोडेखोरासारखी. ती पद्धत सोडली (२५ एप्रिल पाहा).

डोळे लाल करायला बाम किंवा कांदा वापरू का, असं नटाने विचारलं. नाही. डोळ्यांत काहीही घालायचं नाही, यावर चर्चा नको.

१८ एप्रिल

नवे शर्ट. गांधीबागेतून शुद्ध कॉटनचे चार, ५५० प्रमाणे २,२००. एक ४० मापाचा, तीन ४२ चे (त्यातला एक फक्त चाचणीसाठी). रंग राखाडी-निळा. क्रीम का नाही, तर नागपूरच्या घामामुळे. मुंबईच्या घामासारखा तो ओला राहत नाही. मार्चच्या कोरड्या उन्हात स्कूटरवर येतायेता अंगावरच सुकतो आणि मागे मिठाची पांढरी रेघ उरते. काखेखाली ओला डाग दाखवला तर इथला प्रेक्षक म्हणेल, याने पाणी सांडलं. मिठाची रेघ प्रत्येकाने घरच्या शर्टावर पाहिलेली आहे, पण ती दिसायला कापड गडद लागतं.

मापाचं: नटाचं खरं माप ४०. पहिल्या दोन प्रवेशांत ४०, नंतर ४२. गळ्याशी दोन बोटं पोकळी पडली की मान बारीक दिसते, चेहऱ्याला हात न लावता वजन उतरतं.

१९ एप्रिल

चुरगळणं. चाचणीचा शर्ट ओला पिळून दोरीवर टाकला, कापूस असल्याने सुरकुत्या भरपूर पडल्या. पण सगळीकडे सारख्या, शर्ट गाठोड्यातून काढल्यासारखा. टेबलावर बसणाऱ्याच्या सुरकुत्या ठरावीक जागी पडतात: कोपराच्या आतल्या बाजूला जाळी, पोटावर तीन-चार आडव्या घड्या, पाठीच्या खालच्या भागात खुर्चीने दाबलेला पट्टा आणि बॅगेच्या पट्ट्याची खांद्यापासून कमरेपर्यंत तिरकी रेघ.

उपाय सरळ निघाला. नटाने शर्ट घातला, त्यावर पाणी फवारलं आणि त्याला दोन तास रेक्झिनच्या खुर्चीत टेबलाशी संवाद पाठ करायला बसवलं. शर्ट अंगावरच वाळला, सुरकुत्या जागच्या जागी. अंगातून काढून हँगरला लावला, त्यावर पातळ खळ फवारली, पुन्हा वाळवला. चार तालमी टिकतं, पाचव्याच्या आधी पुन्हा बसवायचं.

पहिल्या प्रवेशाच्या शर्टाला कडक खळ आणि बाह्यांवर चाकूसारखी इस्त्री. ती नसेल तर पुढचं चुरगळणं वाया जातं.

२१ एप्रिल

मिठाची रेघ. २०० मिली पाण्यात तीन मोठे चमचे मीठ, ब्रशने काखेखाली कमान आणि पाठीच्या मध्यावर लांबट डाग. गच्चीवर वीस मिनिटांत वाळलं. इतकं खरं दिसलं की मावशींनी शर्ट धुवायला उचलला होता.

२२ एप्रिल

मीठ गायब. शर्ट रात्रभर कूलरसमोर टांगला होता. दमट हवेत मीठ पाणी ओढून घेतं, रेघ पसरून नुसता धूसर डाग उरला. नागपुरात मेमध्ये कूलरशिवाय मेकअप-रूम असणं शक्य नाही, तेव्हा खऱ्या मिठाचा नाद सोडला.

बदली: पांढरा अ‍ॅक्रिलिक एक भाग, पाणी सहा भाग, पिवळ्याचा एक थेंब. डागाची आतली बाजू आधी ओली करून घ्यायची आणि बाहेरच्या कडेवरच रंग ओढायचा, म्हणजे कड तीक्ष्ण राहते आणि आत विरतो. वाळल्यावर धुतलं तरी जात नाही, त्यामुळे आधी चाचणीच्या शर्टावर सराव. ट्यूब, फवारणीची बाटली, पॉलिश पेपर मिळून २७०.

पॉलिश पेपरबद्दल: १२० नंबरने कॉलरची कड इतकी घासली की धागे निघाले. तिसऱ्या चाचणीत उत्तर आलं, “पगार नाही झाला बिचाऱ्याचा.” आजारी आणि दारुडा झाला होता, आता गरीब झाला. फाटलेलं कापड पैशाबद्दल बोलतं, वेळेबद्दल बोलत नाही. लांजेवारकडे शर्ट आहेत, इस्त्रीला टाकायला आणि आणायला तो जात नाही एवढंच. कॉलरला हात लावायचा नाही असं ठरलं, फक्त मानेच्या घडीवर पातळ तपकिरी. चाचणीचा शर्ट कामातून गेला, तसा तो त्यासाठीच होता.

२५ एप्रिल

आज मार्ग सापडला, तोही वैतागातून. ६० सेकंदांच्या काळोखात डोळे रंगवणं, दाढी टिपणं, शर्ट आणि केस. पहिल्या प्रयत्नाला १ मिनिट ५० सेकंद लागली आणि चंद्रकोर गालावर गेली.

मग क्रम उलटा केला. थकवा आधीच रंगवून ठेवायचा आणि त्यावर तजेला चढवायचा. नट प्रयोगाच्या दोन दिवस आधी दाढी करणं थांबवतो. त्या खुंटांवर नारिंगी छटेचा पातळ थर, वर बेस: पहिल्या प्रवेशात दाढी गुळगुळीत दिसते. डोळ्यांखालची चंद्रकोरही खालीच, वरून बेस. गालांवर आणि ओठांवर थोडा उबदार लाल. काळोखात फक्त पुसायचं. काढणं लावण्याच्या तिप्पट लवकर होतं आणि हात थरथरला तरी बिघडत नाही.

ओल्या वाइपने पुसलं तर चंद्रकोरही निघाली. कोरडा टिश्यू दाबून उचलायचा, घासायचा नाही. हनुवटीखाली आणि जबड्यावर मात्र एकदा ओला वाइप, तिथे कातडी जराशी लाल होते आणि ती हवीच आहे. खालच्या थराला पावडर मारून पाच मिनिटं थांबल्याशिवाय वरचा थर देऊ नये. आम्ही घाईत दिला, दोन्ही मिसळून मातकट झालं, अर्धा तास गेला.

रंगभूषेचं सामान एकूण ९४०.

२७ एप्रिल

भांगातलं पांढरं. टाल्कम पावडर: नट मान हलवतो तेव्हा खांद्यावर पडते, तिसऱ्या रांगेला कोंडा. पांढरा लायनर नुसता: एलईडीखाली निळसर. पांढऱ्यात बेसचा किंचित रंग मिसळून, जुन्या टूथब्रशने, फक्त भांगाच्या दोन्ही बाजूंना आणि कानशिलांवर. वीस सेकंद. ब्रश केसांच्या मुळाकडून वर नेला तर पांढरं टोकांपर्यंत जातं आणि माणूस साठीचा होतो. मुळाशी टेकवून उचलायचा.

२९ एप्रिल

चौथी चाचणी, पूर्ण वेशात, नट उभा. “घरी कोनी गेलं काय याच्या?”

यावर बराच खल झाला. चेहरा बरोबर होता, शर्ट बरोबर. चुकले होते खांदे. ४२ मापाच्या शर्टाची खांद्याची शिवण दंडावर उतरत होती, त्यामुळे खांदे पडलेले दिसत. दुःखात खांदे पडतात. कामाच्या ताणात ते वर चढतात, कानांकडे, आणि मान पुढे येते. खोगीर पाठीला आणि लगाम पुढे ओढलेला, असं काहीतरी. नटाला ते माहीत होतं, तो करतही होता, पण शर्ट त्याचं पुसून टाकत होता.

महालातल्या टेलरकडून ४२ च्या दोन शर्टांचे खांदे पाऊण-पाऊण इंच आत घेतले, कॉलर आणि घेर तसाच. बॅगेत चार किलो रद्दी भरली. रिकामी बॅग धरून कोणीही खांदा चढवू शकत नाही, दोन मिनिटांत विसरतो.

त्याच टेलरकडून ४० च्या शर्टाची बटणं नुसती वरून शिवली आणि आत टिचबटणं लावली. आधी वेल्क्रो लावला होता, काळोखात त्याचा चर्र आवाज पाचव्या रांगेपर्यंत गेला. एकावर एक दोन शर्ट घालून पाहिले होते, तेही नाही जमलं. पारा ४३, पंधराव्या मिनिटाला बेस वाहायला लागला.

पॅन्ट: काळोखात बदलणं अशक्य, म्हणजे ३४ ची पॅन्ट वाया. ३६ चीच पहिल्यापासून घालायची. कमरेला आत दीड इंच घेऊन एक हुक, दुसऱ्या काळोखात तो सोडायचा आणि बेल्ट एक भोक आत ओढायचा. बेल्टवर जुन्या भोकाशी पडलेली घडी दिसली पाहिजे. नवा बेल्ट (२५०) आणला तर ती घडी नव्हती, तेल लावून आठवडाभर त्याच भोकात आवळून ठेवला. टेलरचे एकूण ६००.

२ मे

रात्रीच्या प्रवेशाची प्रकाशयोजना पहिल्यांदा लागली. निळ्या प्रकाशात लाल रंग काळा पडतो. पापणीखालची लाल रेघ म्हणजे थेट काजळ! दिग्दर्शक हसून खाली बसला. रेघ काढून टाकली, फिकट तपकिरी घेतली. टेबलावरच्या दिव्याला उबदार रंग ठेवायला प्रकाशयोजनाकाराने मान्यता दिली, त्यात मरून चंद्रकोर बरोबर लागते. रंगभूषा करणाऱ्याने प्रकाश आधी पाहायला हवा होता, आम्ही तीन आठवडे ट्यूबलाइटखाली काम करत होतो.

४ मे

उरलेल्या बारीक गोष्टी. शिक्क्याच्या पॅडची जांभळी शाई: पहिल्या प्रवेशात अंगठ्याला, तिसऱ्यात खिशाच्या कडेला आणि कानशिलावर अस्पष्ट ठसा. खरी शाई दोन दिवस जात नाही, जलरंग वापरा. कुरतडलेली नखं, चष्म्याचे नाकावरचे वळ: दुसऱ्या रांगेपलीकडे दिसत नाहीत, सोडलं.

उन्हाचा पांढरा दुपट्टा (१२०): आधी बॅगेत घडी घातलेला, मग खुर्चीच्या पाठीवर, शेवटी गळ्यात. सगळ्यात स्वस्त वस्तू आणि शेवटच्या रांगेपर्यंत दिसते.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रवेशात शर्ट बदलायचाच नाही. तो घरी गेला नाही हे त्यातूनच कळतं. ४५ सेकंदांत फक्त मागून शर्ट पॅन्टबाहेर, समोरून आत. दिवसभर बसलेल्याचा तो तसाच निघतो.

पाचवी चाचणी: तिघांनी “काम फार आहे” म्हटलं, एकाने “झोप नाही झाली”, एका काकूंनी “बायकोशी भांडला असन”. चालेल.

७ मे

दुसऱ्या काळोखाचा सराव, अकरा वेळा. क्रम: एक जण शर्ट (१८ सेकंद), दुसरा टिश्यू आणि वाइप, तिसरा भांग. हुक आणि बेल्ट नट स्वतः. तिघांनी एकदम हात घातला तर डोकी आपटतात. शर्ट आधी, मग चेहरा आणि केस एकाच वेळी दोन्ही बाजूंनी. टॉर्चवर निळा कागद. शेवटचे तीन प्रयत्न ५२, ५४, ५२ सेकंद.

९ मे

प्रयोग. दुसऱ्या काळोखात हुक सुटला नाही, गाठ बसली होती. पॅन्ट तशीच, कोणाच्या लक्षात आलं नाही. भांगातलं पांढरं चष्म्याच्या काडीला लागलं, ते मात्र पुढच्या रांगेतून दिसलं. पुढच्या वेळी चष्मा शेवटी चढवायचा आणि हुकाऐवजी टिचबटण.

खर्च: शर्ट १,२६० + २,२००, पॅन्टी १,३००, टेलर ६००, रंगभूषा ९४०, बेल्ट २५०, रंग वगैरे २७०, दुपट्टा १२०. एकूण ६,९४०. मंजुरीपेक्षा १,९४० जास्त. त्यात टेरिकॉट शर्ट आणि ३४ ची पॅन्ट मिळून १,९१० निव्वळ वाया. ते सोडलं तर काम ५,०३० मध्ये होतं.

४२ चे दोन्ही शर्ट गार पाण्यात, साबणाशिवाय, न पिळता. सावलीत वाळवून हँगरला ठेवले आहेत, ट्रंकेत घडी घालायची नाही. बॅगेतली रद्दी कोणी विकू नये.